अहवालराव सल्ला मागतात

या वेळी कारखान्याचं प्रमुखपद अहवालरावांना मिळणार होतं, आणि तेही नशिबाने, वशिल्याने किंवा डोक्यावरच्या पांढऱ्या केसांमुळे नव्हे, तर शास्त्रीय पद्धतीने. तसं त्यांनी सकाळच्या चहालाच घरात जाहीर करून टाकलं.

"बरं," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "त्याआधी माळ्यावरची ट्रंक तेवढी खाली काढून द्या."

"अगं, मी काय सांगतोय आणि तू काय सांगतेयस?"

"तुम्ही आजचं सांगताय. मी मागच्या दिवाणखान्यापासून सांगतेय." मागचा दिवाणखाना म्हणजे आधीच्या भाड्याच्या घरातला. ट्रंक तिथेही माळ्यावरच होती.

"प्रमुख झालो की काढतो," अहवालराव म्हणाले आणि बूट घालायला गेले.

अहवालराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते डिस्पॅचचे मुख्य होते. तयार कपाट पुठ्ठ्यात गुंडाळायचं, ट्रकमध्ये उभं करायचं आणि अंगावर एकही पोचा न पडता गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायचं, हे त्यांचं काम. हे काम ते चोख करत. पण त्यांचं दर दुसरं वाक्य "एका अहवालात असं म्हटलंय की" असं सुरू होई, म्हणून कारखान्याने त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

दर महिन्याला त्यांच्याकडे व्यवस्थापनावरचं एक मासिक येई. जगभरातल्या विद्यापीठांत लोकांनी कचेऱ्यांवर, बैठकांवर, साहेबांवर आणि साहेबांच्या स्वभावावर जे संशोधन केलेलं असे, त्याचा गोषवारा त्यात छापलेला असे. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एक ठळक चौकट, आणि चौकटीत दोन ओळींत निष्कर्ष. अहवालराव चौकट वाचत. चौकटीच्या खाली तीन-चार पानं मजकूर असतो हे त्यांना ठाऊक होतं. पण तो ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आहे, अशी त्यांची समजूत होती.

एकदा चौकटीत आलं की उभ्याने घेतलेल्या बैठका लवकर संपतात. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या गायब झाल्या. बैठका खरोखरच लवकर संपू लागल्या, कारण हिशेबनिसांचे गुडघे दुखायचे आणि ते कशालाही "मंजूर, मंजूर" म्हणून बाहेर पडायचे. त्या काळात कारखान्यात मंजूर झालेला माशांचा हौद अजून दारात उभा आहे. त्यात मासे नाहीत, कारण मासे पुढच्या बैठकीत मंजूर व्हायचे होते आणि तोवर खुर्च्या परत आल्या होत्या.

पण न्याय करायचा तर पुरा करावा. दुसऱ्या एका चौकटीत होतं की ओझं उचलणाऱ्या जोड्या रोज बदलू नयेत. अहवालरावांनी हमालांच्या जोड्या कायम केल्या, आणि पोचे पडलेल्या कपाटांचा ढीग पाहता पाहता ओसरला. कारखान्याच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, तेव्हा त्यांच्या पाठीवर थाप मारली होती. म्हणूनच पुढे त्यांना कोणी अडवत नसे. हा माणूस नेहमीच चुकत असता, तर त्याला आवरणं सोपं गेलं असतं.

तर आता साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा कारखान्यातल्याच माणसाला मिळणार होती. अहवालरावांना ती हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्याशिवाय पुढची वर्षं त्यांना दिसतच नव्हती. पुठ्ठा, दोरी आणि ट्रकवाल्यांची भांडणं यांत त्यांची अर्धी हयात गेली होती. उरलेल्या अर्ध्यात आपल्या टेबलाला काच असावी असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आणि नेमका त्याच महिन्यात मासिकाने कौल दिला. चौकटीत लिहिलं होतं: *जो माणूस सल्ला मागतो, तो इतरांना अधिक हुशार वाटतो.*

अहवालरावांनी चौकट दोनदा वाचली. सगळ्यांना आपण हुशार वाटायला हवे होतो, आणि त्यासाठी हुशार असण्याची अट कुठेही नव्हती. त्यांनी निश्चय केला. निश्चय केला की ते जबडा थोडा पुढे काढत, तसा काढला.

सुरुवात घरापासून केली.

"अगं," संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "मला तुझा सल्ला हवाय."

बायकोचा हात पातेल्यातच थांबला. "कशाबद्दल?"

"प्रमुखपदासाठी मी काय करावं, असं तुला वाटतं?"

तिने गॅस बंद केला. हात पुसले. जवळ येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "अहो, कामावरून काढलं का?"

"काय बोलतेस?"

"लग्न झाल्यापासून तुम्ही मला काही विचारलं नाहीत. हे घरसुद्धा घेतल्यावर दाखवलंत. मग आज काय झालं ते सरळ सांगा, मी काही रडणार नाही."

अहवालरावांनी मासिक आणून चौकट दाखवली. तिने ती वाचली, "हं" म्हणाली, पण तिचा विश्वास बसला नाही. चौकटी काय, छापायला कोणीही छापतं. ती गॅलरीत गेली आणि तिने आईला फोन लावला.

तिकडून अहवालरावांना लगेचच फोन आला. "जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "खचू नका. आमच्या ह्यांचीही एकदा गेली होती."

"सासूबाई, माझी गेली नाहीये."

"तेही असंच म्हणायचे."

इथे दुसरा कोणी असता तर त्याने फोन ठेवला असता. पण अहवालरावांचा निश्चय झालेला होता. त्यांनी सासूबाईंनाही सल्ला विचारला. तो ऐकता ऐकता त्यांचा एक कान लाल झाला, मग दुसरा झाला. तात्पर्य एवढंच होतं की सासूबाईंनी विणलेला शेंदरी स्वेटर मुलाखतीला घालून जावा, त्यात माणूस भरल्यासारखा दिसतो.

कारखान्यात मात्र प्रयोगाला जोरदार यश आलं. साहेबांना सल्ला विचारताच ते खुर्चीत मागे रेलले. त्यांना आयुष्यात कोणी सल्ला विचारला नव्हता. लोक त्यांच्याकडून फक्त सह्या घेत. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "तुमची मिशी आहे ना, तिला हात लावू नका. मिशीमुळे माणूस ठाम वाटतो."

हिशेबनीस म्हणाले, "मिशी काढा. काहीतरी लपवल्यासारखं वाटतं."

अहवालरावांनी दोघांचेही आभार मानले. दोघेही त्यांच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. हा माणूस आपण समजत होतो त्यापेक्षा बराच हुशार आहे, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. अहवालरावांना ते वाचता आलं आणि त्यांची भूक वाढली. मिशीवर थांबून कसं चालेल? त्यांनी प्रश्नाचा दर्जा वाढवला.

"हिशेबनीस, समजा तुमच्या हातात दिला, तर तुम्ही हा कारखाना कसा चालवाल?"

"मी?" हिशेबनीस हसले. "मला काय त्यातलं कळतंय."

पण जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता खिडकीतून बाहेर बघत बसले होते. "सगळ्यात आधी तो माशांचा हौद विकीन," ते स्वतःशीच म्हणाले.

तिथून अहवालराव रंगखात्यात गेले. रंगखात्याच्या मुख्य बाईंना सगळे रंगताई म्हणत. रसायनशास्त्र शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. रंग पक्का करणाऱ्या भट्टीतून साखळीला लटकून बाहेर येणाऱ्या प्रत्येक कपाटाला त्या नखाने टोकरून पाहत, आणि माणसांकडेही साधारण त्याच नजरेने पाहत.

"रंगताई, तुमचा सल्ला हवाय."

"पुन्हा कपाट पाडलंत?"

"नाही हो. तुम्ही हा कारखाना कसा चालवला असता?"

रंगताईंचं नख कपाटावरच थांबलं. "मी कधी विचार केला नाही."

"मग करा ना," अहवालराव उदारपणे म्हणाले. "अगदी मोकळ्या मनाने करा."

जाता जाता फाटकावर पहारेकऱ्यांचे मुकादम उभे दिसले. उभेच आहेत तर विचारावं म्हणून अहवालरावांनी त्यांनाही विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून रंगताई डिस्पॅचमध्ये दिसू लागल्या. ट्रक उशिरा का सुटतात? पुठ्ठा आतून लावला तर? हमालांच्या कायम जोड्या नुसत्या अहवालात होतं म्हणून केल्या, की करून पाहिल्या?

"म्हणजे?" अहवालरावांनी विचारलं.

"म्हणजे एका पाळीत जोड्या कायम, दुसरीत बदलत्या, असं ठेवून पाहिलंत का? तिकडच्या कारखान्यात झालं ते आपल्याकडेही होईल, असं कशावरून?"

"चौकटीत होतं," अहवालराव म्हणाले.

रंगताईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. अहवालरावांनी सगळं सांगितलं, अगदी हातचं न राखता. ट्रकवाल्यांची गुपितं सांगितली, कोणत्या रस्त्यावर कपाटं जास्त हिंदकळतात ते सांगितलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "त्या बाई माझ्यासाठी जिवाचं रान करतायत."

"तुमच्यासाठी?" बायको म्हणाली.

"मग कोणासाठी?"

बायको भाजी घेऊन आत गेली. ती आजकाल ते मासिक स्वयंपाकघरात घेऊन जात असे. भाजी निवडायला खाली पसरायला घेत असावी, असं अहवालरावांना वाटे.

मग एके दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"प्रमुखपदासाठी अर्ज आलेत," साहेब म्हणाले. "चार."

"चार?"

"तुमचा. रंगताईंचा. हिशेबनिसांचा. आणि फाटकावरच्या मुकादमांचा. प्रत्येकाने लिहिलंय की हा विचार आपल्या डोक्यात तुमच्यामुळे आला. मुकादमांनी तर तुमचे आभार ठळक अक्षरांत मानलेत."

अहवालराव खुर्चीत बसले. त्यांना बसा म्हटलेलं नव्हतं.

"अहो, मी मुख्य कचेरीला एकच नाव कळवलं होतं," साहेब म्हणाले. "तुमचं. दुसरं कोणी इच्छुकच नव्हतं. ते लोक येणार, चहा पिणार आणि सही करून जाणार, एवढंच ठरलं होतं. आता चौघांच्या रीतसर मुलाखती घ्याव्या लागतील."



"साहेब," अहवालराव म्हणाले, "अशा परिस्थितीत मी काय करावं? तुमचा सल्ला..."

"कोणाला काही विचारू नका," साहेब म्हणाले. "हा माझा सल्ला."

केबिनच्या बाहेरच रंगताई उभ्या होत्या. हातात कागद होते, चेहरा पडलेला.

"मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचार करा म्हणालात, म्हणून केला. करता करता मलाच ती जागा हवीशी वाटायला लागली. पण मला रात्री झोप लागत नाहीये. मी अर्ज मागे घेऊ का? तुम्हाला काय वाटतं? तुमचा सल्ला काय आहे?"

वाचकहो, इथे अहवालरावांच्या नशिबाचं दार सताड उघडं होतं. त्यांनी फक्त "घ्या" एवढंच म्हणायचं होतं. पण रंगताईंसारखी बाई, जी कोणाला वेळसुद्धा विचारत नाही, ती आपल्याला सल्ला विचारतेय, या जाणिवेने त्यांच्या छातीत काहीतरी गोड उबदार पसरलं. बाई फार समजूतदार आहेत, असं त्यांना वाटलं. कारखान्यात इतकं चांगलं डोकं असताना आपल्या आजवर कसं लक्षात आलं नाही, असंही वाटलं.

"छे, छे," ते म्हणाले. "मागे कशाला घेता? बघू ते कागद." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळे कागद चाळले. "यात डिस्पॅचचा भाग कच्चा आहे. पेन द्या."

त्या रात्री अहवालरावांनी पहिल्यांदाच मासिक उघडून चौकटीच्या खाली नजर टाकली. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की मागितलेला सल्ला न पाळल्यास सल्ला देणारा मनातून दुखावतो. एवढं वाचून त्यांनी मासिक मिटलं. नेहमीप्रमाणे त्यांना गरजेपुरतं मिळालं होतं.

म्हणजे आता सगळ्यांचे सगळे सल्ले पाळणं आलं. त्यांनी जबडा पुढे काढला आणि कात्री घेऊन बायकोसमोर बसले.

"साहेब म्हणतात ठेवा, हिशेबनीस म्हणतात काढा. मधला मार्ग काढ."

बायकोने मधला मार्ग काढला. तो ओठावर पेन्सिलने ओढलेल्या रेघेसारखा दिसत होता. सकाळी साहेबांनी तो पाहिला आणि यांनी हिशेबनिसांचं ऐकलं असं समजून तोंड फिरवलं. हिशेबनिसांनी पाहिला आणि यांनी साहेबांचं ऐकलं असं समजून नमस्कारही केला नाही. मुकादम तेवढे खूश होते, पण ते पहिल्यापासूनच खूश होते.

मुलाखतीच्या दिवशी उकाडा असा होता की भट्टीतली माणसं गारवा खायला भट्टीच्या आणखी आत जातील. अहवालराव शेंदरी स्वेटर घालून आत गेले. समोर मुख्य कचेरीची तीन माणसं बसली होती: एक टक्कलवाले, एक चष्मेवाल्या बाई आणि एक सगळ्यात वरचे, जे नुसते बसले होते.

"तुम्हाला बरं नाहीये का?" बाईंनी विचारलं.

"उत्तम आहे," अहवालराव म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब टेबलावर पडला. टेबलाला काच होती. त्यांनी ती प्रेमाने बाहीने पुसली.

"या कारखान्याची सगळ्यात मोठी अडचण कोणती?" टक्कलवाल्यांनी विचारलं.

उत्तर अहवालरावांच्या जिभेवर होतं. ट्रक, भट्टी, रंग वाळायचा वेळ, सगळं पाठ होतं. रंगताईंच्या कागदांवर त्यांनीच तर लिहून दिलं होतं. पण एवढ्या दिवसांची सवय मोठी वाईट. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "साहेब, तुमचा अनुभव मोठा. तुम्हाला काय वाटतं?"

टक्कलवाले थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची चमक आली. "मला विचाराल," ते पुढे सरकून म्हणाले, "तर अडचण मालाच्या खरेदीत आहे."

"अजिबात नाही," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "अडचण माणसांच्या नेमणुकीत आहे."

"बाईंचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय," अहवालराव म्हणाले, आणि त्यांनी ते खरंच ऐकलं. मग त्यांनी सगळ्यात वरच्या साहेबांनाही सल्ला विचारला. ते गेली कित्येक वर्षं नुसते बसून होते. ते असे बोलू लागले की चहा येऊन निवून गेला. तिघांचं चांगलंच जुंपलं. शेवटी मुलाखतीची वेळ संपली तेव्हा तिघांनी उठून अहवालरावांशी हात मिळवला. असा हुशार उमेदवार आपण पाहिला नाही, असं टक्कलवाले दारापर्यंत येऊन म्हणाले.

अहवालराव घरी आले ते तरंगतच. "झालं," ते म्हणाले. "ट्रंक काढायची तयारी कर."

निकाल आठवड्याने आला. प्रमुखपद रंगताईंना मिळालं.

साहेबांनी अहवालरावांना बाजूला घेऊन समजावलं. "तिघांनीही सगळ्यात जास्त कौतुक तुमचंच केलं. म्हणाले, असा माणूस मिळणं कठीण. फक्त तुम्ही काय म्हणालात, ते तिघांतल्या एकालाही आठवेना. रंगताईंची योजना लेखी होती. त्यातही त्यांना डिस्पॅचचा भाग विशेष आवडला."

अहवालराव त्या दिवशी कारखान्यातून चालत घरी आले. स्वेटर हातात होता. का बरोबर घेतला होता कोण जाणे. त्यांनी तो दाराच्या खुंटीला अडकवला आणि सोफ्यावर बसले. बायकोने पाणी आणून दिलं.  त्यांच्या चेहऱ्यावर सगळं होतं, आणि मिशी रेघेपुरतीच उरल्याने चेहरा जरा जास्तच दिसत होता.

"त्यांना मिळालं ना?" ती म्हणाली.

"हो."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय." मग जरा थांबून म्हणाले, "आज पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आल्या होत्या. म्हणाल्या, अहवालराव, कायम जोड्यांचा प्रयोग रंगखात्यात करायचाय, आधी एका पाळीत करून बघू. कसा करावा, तुमचा सल्ला हवा. बघ, प्रमुख झाल्या तरी विचारायला आल्या. काही म्हण, बाई हुशार आहेत."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना आपण काय बोललो ते कळलेलं दिसेना. ती रिकामा पेला घेऊन आत गेली आणि थोड्या वेळाने परत आली.

"अहो, तुम्ही दमलायत, विचारू की नको असं झालंय," ती म्हणाली. "पण यातलं तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही. जरा सल्ला हवा होता."

अहवालराव सावरून बसले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा जबडा पुढे आला. "विचार की."

"एखादी जड वस्तू उंचावरून खाली घ्यायची असेल, आणि तिला पोचा पडू द्यायचा नसेल, तर कशी घ्यावी?"

"सोपं आहे," अहवालराव उठत म्हणाले. "लोक कडी धरून ओढतात, तिथेच चुकतात. आधी वजन कुठे आहे ते बघायचं. स्टूल कुठाय? शब्दांत नाही कळायचं तुला, हे करून दाखवावं लागतं."

त्यांनी स्टूल आणलं, बाह्या सरसावल्या, वर चढले, कोपरे चाचपले आणि दोन्ही हातांनी ट्रंक छातीशी घेतली. तोंडावर धूळ सांडली. स्टुलावर उभ्या उभ्याच, ट्रंक कवेत धरलेली असताना, त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी मान वाकडी करून खाली पाहिलं.

बायको सोफ्यावर त्यांच्या जागी बसली होती. मांडीवर ते मासिक उघडलेलं होतं. बोट शेवटच्या पानावर होतं.

"सावकाश उतरा," ती पान न मिटता म्हणाली. "चौकटीच्या खालचं फार छान लिहितात हो हे लोक."